सही कोणाची होती

२०२३च्या जानेवारीत फिलाडेल्फियाच्या पश्चिमेकडील एका उपनगरात, वकीलबाईंच्या कार्यालयात बसल्या बसल्या मी पहिला प्रश्न विचारला, तो असा : दिवाळखोरीचा अर्ज नवरा-बायकोने मिळूनच करायचा असतो ना? उत्तर होकारार्थीच येणार, हे मी गृहीत धरले होते. आमचे कर-विवरण दरवर्षी एकत्र जाते, घर दोघांच्या नावावर आहे, मुख्य बँकखाते दोघांचे आहे; तेव्हा बुडायचे तर तेही दोघांनी मिळून, इतका साधा माझा हिशेब होता. वकीलबाईंनी सांगितले की अमेरिकेच्या दिवाळखोरी कायद्याच्या कलम ३०२ने विवाहित जोडप्याला एकच संयुक्त अर्ज करण्याची मुभा दिली आहे, सक्ती कुठेच केलेली नाही; दोघे एकत्र येऊ शकतात, दोघे वेगवेगळे दोन अर्ज करू शकतात, किंवा एकच जण अर्ज करतो आणि दुसरा बाहेर राहतो. कर-विवरण एकत्र असण्याशी या गोष्टीचा काहीही संबंध नाही. चॅप्टर ७, म्हणजे सूट नसलेली मालमत्ता विकून धनकोंना वाटायची आणि उरलेली देणी माफ करून घ्यायची हा दिवाळखोरीचा प्रकार; त्याच्या अर्जाचे न्यायालयीन शुल्क ३३८ डॉलर होते आणि संयुक्त अर्जालाही तेवढेच पडते, हे ऐकून माझा नवरा म्हणाला, "मग एकत्रच करू, एका फीमध्ये दोघे सुटतील." त्यावर बाई हसल्या नाहीत. त्यांनी एक पिवळे पॅड पुढे ओढले, मध्ये उभी रेघ मारली आणि एका बाजूला नवऱ्याचे व दुसऱ्या बाजूला माझे नाव लिहिले.

आमची गोष्ट थोडक्यात अशी. नवऱ्याने २०१९ मध्ये वडापाव, मिसळ, थालीपीठ असे पदार्थ देणारे छोटे उपाहारगृह एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, काढून सुरू केले. काही महिन्यांतच कोविड आला. पुढची दोन वर्षे आम्ही ते कसेबसे रेटले आणि २०२२च्या नोव्हेंबरात कुलूप लावले. एलएलसी असली की घर सुरक्षित, असे आमच्या ओळखीतले सगळे म्हणत. परंतु बँकेने कर्ज देताना, जागेच्या मालकाने भाडेकरार करताना आणि यंत्रसामग्रीच्या विक्रेत्याने उधारी देताना नवऱ्याकडून वैयक्तिक हमी लिहून घेतलेली होती. बँकेचे १,२६,००० डॉलर, जागेच्या मालकाचे ४१,००० आणि यंत्रसामग्री व पुरवठादार मिळून ४४,०००, अशी एकूण २,११,००० डॉलरची देणी त्याच्या डोक्यावर आली. माझी स्वतःची देणी वेगळीच होती. दुकान चालत नव्हते त्या काळात घरखर्च माझ्या पगारावर आणि माझ्या दोन क्रेडिट कार्डांवर चालला, त्याचे २२,००० डॉलर आणि माझ्या गाडीच्या कर्जाचे १७,०००. मी एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. ती नोकरी टिकली म्हणून आम्ही टिकलो.

वकीलबाईंनी पहिल्या भेटीत सल्ला दिलाच नाही, घरचा अभ्यास दिला. आजवर सही केलेला प्रत्येक कागद शोधायचा आणि त्यावर कोणाची सही आहे, कोणत्या नात्याने आहे, हे लिहून आणायचे. आम्ही तीन रात्री जेवणाच्या टेबलावर खोकी पालथी घातली. बँकेच्या कर्जाच्या जाडजूड गठ्ठ्यात एका पानावर माझी सही दिसली, तेव्हा नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला. आम्ही दोघांनी ते पान दिव्याखाली धरून वाचले. सही हमीदाराच्या रेघेवर नव्हती, शेजारच्या साक्षीदाराच्या रेघेवर होती. त्या दिवशी बँकेत मी सहज सोबत गेले होते, दुसरे कोणी नव्हते म्हणून अधिकाऱ्याने मलाच साक्षीदार केले होते. ती सही चार बोटे वर झाली असती, तर पुढचे सगळेच वेगळे झाले असते. अर्जदार स्वतःच्या ऐपतीवर कर्जाला पात्र असेल, तर केवळ बायको आहे म्हणून तिची सही मागता येत नाही, असा १९७४च्या समान पतसंधी कायद्याचा नियम आहे, हे आम्हाला नंतर कळले; तेव्हा ते माहीत नव्हते, त्यामुळे बँकेने दाखवली असती त्या कुठल्याही रेघेवर मी सही केली असती.

दुसरी गोष्ट निघाली ती क्रेडिट कार्डांची. माझ्या पाकिटात चार कार्डे होती आणि ती सगळी 'आमची' आहेत, असे मी समजत होते. प्रत्यक्षात नवऱ्याच्या एका कार्डावर मी केवळ ऑथोराइज्ड यूजर होते, म्हणजे वापरण्याची मुभा होती, फेडण्याची जबाबदारी नव्हती. त्याचे ६,००० डॉलर त्याचे एकट्याचे होते. एक कार्ड मात्र खरोखर संयुक्त खात्याचे होते, दोघांच्या अर्जावर दिलेले, आणि त्यावर ९,००० डॉलर बाकी होते. आमच्या दृष्टीने ही रक्कम किरकोळ होती. वकीलबाईंनी त्याभोवती दोनदा गोल केला.

त्याचे कारण घर होते. आमचे लग्न २००८ मध्ये सांगलीला झाले आणि घर आम्ही २०१६ मध्ये घेतले, म्हणजे खरेदीच्या वेळी आम्ही पती-पत्नी होतो आणि खरेदीखतावर तसे शब्द आहेत. पेनसिल्व्हेनियात अशा मालकीला टेनन्सी बाय द एंटायरटी म्हणतात. तिचा अर्थ असा की घरात अर्धा वाटा त्याचा आणि अर्धा माझा असे नसून, नवरा-बायको मिळून जणू एकच मालक असतो आणि त्या एका मालकाचे घर आखे असते. त्यामुळे फक्त नवऱ्याच्या धनकोला, अगदी न्यायालयाचा निकाल हातात असला तरी, आम्ही दोघे जिवंत आणि विवाहित असेपर्यंत त्या घरावर हात टाकता येत नाही. दोघांचा मिळून धनको असेल, तर मात्र त्याला टाकता येतो. म्हणून ते ९,००० डॉलर २,११,००० पेक्षा धोकादायक होते. घराची किंमत साधारण ३,३०,००० डॉलर होती आणि गृहकर्ज १,६८,००० शिल्लक होते, म्हणजे घरात आमचे १,६२,००० डॉलर अडकलेले होते आणि ट्रस्टीच्या, म्हणजे दिवाळखोराची मालमत्ता ताब्यात घेऊन धनकोंना वाटणाऱ्या अधिकाऱ्याच्या, नजरेत भरण्याजोगे आमच्याकडे तेवढेच होते.

संयुक्त अर्जाची खरी किंमत इथे कळली. अर्जदाराने आपली कोणती मालमत्ता वाचवायची, यासाठी पेनसिल्व्हेनियात दोन याद्यांपैकी एक निवडता येते, एक संघराज्याची आणि एक राज्याची. संयुक्त अर्ज असेल तर दोघांना एकच यादी घ्यावी लागते. संघराज्याच्या यादीत त्या वेळी राहत्या घरासाठी माणशी २७,९०० डॉलरची सूट होती. दोघांची मिळून ५५,८०० होते. म्हणजे ट्रस्टीने घर विकून, बँकेचे पैसे फेडून, आमच्या हातात ५५,८०० ठेवले असते आणि उरलेले धनकोंना वाटले असते. राज्याची यादी घेतली तर एंटायरटीचे कवच मिळते, पण बाकी ती यादी विलक्षण दरिद्री आहे : रोख किंवा अन्य वस्तूंसाठी ३०० डॉलर, अंगावरचे कपडे, बायबल, शाळेची पुस्तके आणि घरातले शिवणयंत्र. शिवणयंत्राचे नाव ऐकून मला सांगलीच्या घरातले आईचे पायमशीन आठवले आणि त्या गंभीर बैठकीत हसू आवरेना. दोघांनी मिळून अर्ज केल्यावर ते कवच कितपत टिकते, हा प्रश्न वकीलबाईंच्या शब्दांत "भांडण्याजोगा" होता, आणि भांडायला आमच्याकडे पैसे नव्हते.

दुसरे कारण निव्वळ बेरजेचे होते आणि मला ते आजही विलक्षण वाटते. चॅप्टर ७मध्ये उत्पन्नाची जी चाचणी असते, जिला मीन्स टेस्ट म्हणतात, ती ज्याची देणी मुख्यतः घरगुती स्वरूपाची आहेत त्यालाच लागू होते. आणि गृहकर्ज घरगुती देण्यात मोजले जाते. नवऱ्याची एकट्याची देणी मांडली तर गृहकर्ज १,६८,०००, त्याचे कार्ड ६,००० आणि संयुक्त कार्ड ९,००० मिळून घरगुती बाजू १,८३,००० होत होती, आणि धंद्याची बाजू २,११,०००. धंद्याचे पारडे जड, म्हणून चाचणी नाही. मी अर्जात आले की माझ्या गाडीचे आणि कार्डांचे ३९,००० घरगुती बाजूला पडणार, ती २,२२,००० होणार, पारडे फिरणार, आणि मग माझा पगार धरून चाचणी द्यावी लागणार. माझी देणी माफ व्हावीत म्हणून मी अर्जात शिरायचे आणि त्याच देण्यांमुळे दोघांचा अर्ज अडचणीत यायचा, असा तो प्रकार होता.

तिसरा विषय सोन्याचा, आणि तो मी स्वतः काढला. बँकेतल्या लॉकरमध्ये माझ्या चार पाटल्या, सहा बांगड्या, मोहनमाळ आणि सासूबाईंनी दिलेल्या तोड्या होत्या. मंगळसूत्र गळ्यात होते. दागिन्यांसाठी संघराज्याच्या यादीत माणशी १,८७५ डॉलरची सूट होती आणि राज्याच्या यादीत ते सगळे त्या ३०० डॉलरमध्ये बसवायचे. त्या दिवशीच्या भावाने दागिने चौदा हजार डॉलरच्या घरात जात होते. मी अर्जदार नसले, तर माझी स्वतंत्र मालमत्ता नवऱ्याच्या दिवाळखोरीत येत नाही. परंतु लॉकर दोघांच्या नावावर होता आणि अर्जात लॉकरविषयी, त्यात काय आहे याविषयी, नवऱ्याला शपथेवर उत्तर द्यायचे होते. स्त्रीधन हा शब्द वकीलबाईंना समजावून सांगायला मला दहा मिनिटे लागली. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "पुरावा काय?" मग बाबांनी सांगलीच्या सराफाच्या जुन्या पावत्या शोधून त्यांचे फोटो पाठवले, मी लग्नाच्या अल्बममधली पाने काढली, आणि लॉकरच्या खोलीत बसून प्रत्येक दागिना, त्याचे वजन आणि तो कोणी कधी दिला, याची हाताने यादी केली. तोड्यांची पावती नव्हती. त्यांच्यापुढे मी "सासूबाईंकडून, २००८" एवढेच लिहिले आणि मुंजीच्या एका फोटोत त्या माझ्या पायांत दिसतात, तो फोटो जोडला.

निर्णय कागदावर स्पष्ट होता, घरात नव्हता. आमच्या परिचयातल्या न्यू जर्सीच्या एका जोडप्याने काही वर्षांपूर्वी संयुक्त अर्ज केला होता आणि त्यांचा आग्रह होता की आम्हीही तेच करावे. त्यांच्याबाबतीत ते योग्यच होते : घर भाड्याचे, सगळी कार्डे दोघांच्या सहीची, दोघांच्याही नोकऱ्या एकदमच गेलेल्या, अशा वेळी एकाने अर्ज केला तर धनको दुसऱ्याच्या मागे लागतात आणि काहीच साधत नाही. मला मात्र सल्ल्यापेक्षा बाबांचे बोलणे लागले. फोनवर ते म्हणाले, "अगं, त्याला एकट्याला कोर्टात उभं करून तू मोकळी राहणार?" मी त्यांना घराचे गणित सांगू लागले, तर ते गप्प झाले. नवऱ्याची तऱ्हा उलटी होती. मी स्वच्छ राहावे, पुढच्या दहा वर्षांत मुलांच्या शिक्षणाला कर्ज लागले तर निदान एकाच्या पतनोंदीवर दिवाळखोरी नसावी, असे त्याचे म्हणणे होते; चॅप्टर ७ पतनोंदीवर दहा वर्षे राहते. हे त्याने इतक्या शांतपणे सांगितले की मला राग आला. वकीलबाईंनी आम्हाला एकदा वेगवेगळे बसवूनही विचारले, कारण दोघांचे हित जुळत नसेल तर दोघांनी दोन वकील केले पाहिजेत, असे त्यांचे मत होते. त्या अर्ध्या तासात त्यांनी मला विचारलेला एक प्रश्न मी नवऱ्याला अजून सांगितलेला नाही : वेगळे होण्याचा विचार आहे का? एंटायरटी घटस्फोटाने तुटते, म्हणून त्यांना विचारणे भाग होते.

अर्ज नवऱ्याने एकट्याने करायचा ठरले. पण लगेच नाही. एप्रिल २०२२ मध्ये त्याने पुण्याच्या धाकट्या भावाकडून घेतलेले पैसे परत केले होते, आणि अर्जाच्या आधीच्या एका वर्षात नातेवाइकाला फेडलेले पैसे ट्रस्टी परत मागू शकतो. दिराच्या दारात अमेरिकेच्या न्यायालयाचे पत्र जावे, ही कल्पनाच आम्हाला सहन होत नव्हती. ते वर्ष उलटेपर्यंत थांबता आले, कारण पेनसिल्व्हेनियात साध्या देण्यांसाठी पगार जप्त होत नाही. जागेच्या मालकाने भाडेकरारातल्या एका कलमाच्या आधारे सुनावणीशिवायच नवऱ्याविरुद्ध निकाल मिळवला होता. कागद आला त्या दिवशी आम्ही जेवलो नाही, पण घरावर त्याचा उपयोग नव्हता. या चार महिन्यांत मी माझ्या एकटीच्या खात्यातून, माझ्या पगारातून, ते संयुक्त कार्ड पूर्ण फेडले आणि खाते बंद केले. मुलाच्या हात मोडण्याचे रुग्णालयाचे बिलही फेडले, कारण घरच्या गरजेच्या खर्चासाठी राज्याचा कायदा नवरा-बायको दोघांवर दावा लावू देतो. घर माझ्या एकटीच्या नावावर करून टाका, असा सल्ला या काळात दोघा परिचितांनी दिला. तो मानला असता, तर अर्जाआधीच्या दोन वर्षांतली हस्तांतरणे तपासली जातात त्यांत हेही सापडले असते आणि जे कवच मुळात होते तेच आम्ही आपल्या हाताने फाडले असते.

१६ मे २०२३ रोजी अर्ज दाखल झाला. त्याआधी नवऱ्याने पतसमुपदेशनाचा ऑनलाइन वर्ग एकट्याने केला. संयुक्त अर्ज असता तर मलाही करावा लागला असता. मी बाहेर असूनही माझा पगार अर्जात आलाच, कारण एकाच घरात राहणाऱ्या जोडप्याचे मासिक उत्पन्न आणि खर्च मांडताना अर्ज न करणाऱ्याचेही दाखवावे लागते. माझ्या पगारपत्रकांच्या प्रती देताना मी थोडी कुरकुर केली. आईबाबांना दरमहा पाठवते ते पैसेही खर्चाच्या रकान्यात लिहावे लागले.

धनकोंची सभा, जी कलम ३४१ खाली होते, ती जूनमध्ये फोनवर झाली. एकही धनको आला नाही. ट्रस्टीने लग्नाची तारीख विचारली, घराची खरेदी कधीची ते विचारले, आणि सांगली महापालिकेच्या विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत मागवली. मग आले ते सातबाऱ्याचे प्रकरण. जगात कुठेही असलेली मालमत्ता लिहायची असते, म्हणून नवऱ्याने वडिलोपार्जित तीन एकरांच्या सातबाऱ्यावर चुलत्यांबरोबर असलेले आपले नाव लिहून दिले होते. ट्रस्टीने सातबाऱ्याचे इंग्रजी भाषांतर मागितले. ते मीच केले, आणि 'आणेवारी' या शब्दाशी एक संध्याकाळ झगडले. राज्याची यादी घेतल्यामुळे नवऱ्याची एकट्याच्या नावावरची जुनी टोयोटाही त्या ३०० डॉलरच्या बाहेर पडली होती. शेवटी गाडी आणि शेतातला अविभक्त हिस्सा या दोन्हींबद्दल ४,५०० डॉलर भरून ते आमच्याकडे ठेवण्याची तडजोड न्यायालयाने मान्य केली. घर वाचवण्याची ही किंमत होती आणि मला ती जास्त वाटली नाही. नवऱ्याला गाडीसाठी वाईट वाटत राहिले. ऑगस्टच्या अखेरीस देण्यांतून मुक्तीचा आदेश आला, एका पानाचा, त्यावर फक्त त्याचे नाव.

तरी एक काटा उरला होता. अर्जाच्या तारखेपासून १८० दिवसांत अर्जदाराला वारसा मिळाला, घटस्फोटाच्या तडजोडीत काही मिळाले किंवा कोणाच्या आयुर्विम्याचे पैसे मिळाले, तर ते ट्रस्टीकडे जातात. सासरे त्या उन्हाळ्यात दोनदा मिरजेच्या रुग्णालयात दाखल झाले. नवरा रोज रात्री फोन करी आणि ठेवल्यावर कॅलेंडरकडे पाही, आणि मग आपण कॅलेंडरकडे का पाहिले याची त्याला लाज वाटे. माझाही विमा होताच. निदान नोव्हेंबरपर्यंत जिवंत आणि विवाहित राहा, असे तो मला म्हणाला, तेव्हा बऱ्याच महिन्यांनी आम्ही दोघे एकत्र हसलो.

माझे २२,००० मी अजून फेडते आहे. गृहकर्जाचे पत्रक दरमहा येते, दोघांच्या नावे, आणि नवऱ्याच्या दिवाळखोरीमुळे हे पत्रक केवळ माहितीसाठी आहे, अशी एक ओळ त्यावर छापलेली असते; हप्ता मात्र पूर्वीसारखाच जातो.

१८० दिवस १२ नोव्हेंबर २०२३ रोजी पूर्ण झाले. त्या दिवशी रविवार होता आणि लक्ष्मीपूजन होते. आधीच्या आठवड्यात मी लॉकरमधून पाटल्या आणि तोड्या आणल्या होत्या. डबी उघडली तेव्हा वर माझ्या हस्ताक्षरातली ती यादी घडी करून ठेवलेली होती. ती काढून टाकावी असे नवरा म्हणाला. मी ती तशीच ठेवली आणि दागिने पाटावर मांडले. सासऱ्यांना व्हिडिओवर पूजा दाखवली, तेव्हा त्यांनी विचारले, "तोड्या त्याच ना, हिच्या सासूच्या?"